‘के’ अक्षराचे पैसे आणि बारा वर्षांचं कुलूप

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या गल्लीत भंगारवाल्याची गाडी आली, तिच्यावर तीन कॉम्प्युटर होते. एका कॅबिनेटवर हळदीकुंकवाची बोटं अजून दिसत होती. म्हणजे या दसऱ्याला त्याची पूजा झाली होती आणि वीस दिवसांत तो भंगारात निघाला. मी विचारलं तर गाडीवाला म्हणाला, "भाऊ, सध्या लय येऊ राहिले. विंडोज बंद झालं म्हणतात."

विंडोज बंद नाही झालं. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. आणि विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० लागतं. मशीन चालतं की नाही, हा प्रश्नच नाही. यादीत नाव आहे की नाही, एवढंच बघायचं.

यावरून माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरची गोष्ट सांगतो. जरा लांब आहे, थोडी तांत्रिक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. कारण विषय कॉम्प्युटरचा कमी आणि मालकीचा जास्त आहे.

माझा जळगावात लग्नपत्रिका, बॅनर आणि व्हिडिओ एडिटिंगचा छोटा धंदा आहे. २०१२ साली धंदा सुरू केला तेव्हा उधारी करून एक कॉम्प्युटर जोडून घेतला. प्रोसेसर इंटेलचा आय५-२५००के. ज्याने जोडून दिला तो म्हणाला, "भाऊ, ‘के’ वाला घ्या, भारी असतो." घेतला. त्या ‘के’चा अर्थ काय, हे मी बारा वर्षं कुणाला विचारलं नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात परतीच्या पावसात एका संध्याकाळी वीज कडाडली, लाईट दोनदा गेली-आली, आणि मशीन गेलं. आमच्या जुन्या घराचं अर्थिंग नावालाच आहे, हे तेव्हा कळलं. (तुमचंही तपासून घ्या, खरंच.) रिपेअरवाल्याने अर्ध्या तासात निदान केलं. पॉवर सप्लाय ठीक, रॅम ठीक, प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर लावून बघितला तर तोही ठणठणीत. गेला होता फक्त मदरबोर्ड.

"मग बोर्ड बदल ना," मी म्हणालो.

तो म्हणाला, "भाऊ, चांगला बोर्ड नवीन कुठे मिळतो आता? हे मॉडेल कधीच बंद झालं. चायनाचा एच६१ आहे, अडीच हजारात लावून देतो. नाहीतर सरळ नवीन घ्या, अठ्ठावीस हजारात बसेल."

अठ्ठावीस हजार म्हणजे लग्नसराईच्या आधी माझ्यासाठी मोठी रक्कम. मुलीच्या क्लासची फी त्याच महिन्यात भरायची होती. हिने स्पष्ट सांगितलं, "फी आधी, मशीन नंतर." बरोबरच होतं.

पुण्याला इंजिनिअरिंगला असलेल्या पुतण्याला फोन केला. तो पहिल्यांदा हसला. "काका, तुमच्याकडे २५००के आहे आणि तुम्ही तो एच६१ वर चालवत होता? बारा वर्षं?"

मग त्याने जे समजावलं, ते माझ्या भाषेत सांगतो.

प्रोसेसरचा वेग म्हणजे दोन आकड्यांचा गुणाकार. एक मूळ ठोका, तो १०० मेगाहर्ट्झ. दुसरा गुणक. माझ्या प्रोसेसरचा गुणक ३३, म्हणून वेग ३.३ गिगाहर्ट्झ. टर्बोमध्ये तो थोड्या वेळासाठी ३.७ पर्यंत जातो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. पूर्वी लोक मूळ ठोकाच वाढवायचे, त्यामुळे स्वस्तातला प्रोसेसरही पळवता यायचा. २०११ च्या जानेवारीत सँडी ब्रिज पिढी आली, त्यात बाकी सगळी जोडणी त्याच ठोक्याला बांधली गेली. चार-पाच टक्के वाढवलं की गडबड सुरू. मग राहिला गुणक. तो इंटेलने कुलूपबंद केला आणि ‘के’ अक्षराच्या प्रोसेसरलाच मोकळा ठेवला. त्या अक्षराचे जास्तीचे पैसे. बाजारात आला तेव्हा २५०० आणि २५००के यांच्या किमतीत साधारण ११ डॉलरचा फरक होता.

पण गंमत पुढे आहे. किल्ली प्रोसेसरमध्ये असली तरी दार मदरबोर्डावर. एच६१ चिपसेटचा बोर्ड असेल तर गुणक वाढवताच येत नाही. एच६७ वरही नाही. पी६७ वर येतो, पण त्यात प्रोसेसरमधला ग्राफिक्सचा भाग वापरता येत नाही. दोन्ही हवं असेल तर मे २०११ मध्ये आलेला झेड६८, किंवा २०१२ चा झेड७७.

म्हणजे मी किल्लीचे पैसे दिले आणि मला भिंत विकली. विकणाऱ्याला तरी माहीत होतं की नाही, देव जाणे.

आता निवड माझ्यापुढे होती. पुतण्याने एका कागदावर मांडून पाठवली.

नवीन चायनीज एच६१: स्वस्त, महिन्याची वॉरंटी. रॅमच्या दोनच जागा. एसएसडीला सहा गिगाबिटचा पोर्ट नाही, म्हणजे एसएसडी निम्म्या वेगाने. ओव्हरक्लॉकिंग नाही. आणि ‘नवीन’ म्हणजे काय, तर दुकानदार स्वतःच सांगतात की चिप जुन्या बोर्डावरून काढून नव्या पट्टीवर बसवलेली असते.

जुना पी६७: इथे एक इतिहास आहे. ३१ जानेवारी २०११ ला इंटेलने जाहीर केलं की या पिढीच्या चिपसेटमध्ये दोष आहे, काही साटा पोर्ट काळानुसार खराब होऊ शकतात. माल परत घेतला, दुरुस्ती-बदलाचा खर्च त्यांनीच ७० कोटी डॉलर अंदाजला. सुधारलेल्या चिपला बी३ म्हणतात. जुना पी६७ घ्यायचा तर तो बी३ आहे का हे बघूनच.

जुना झेड७७: रॅमच्या चार जागा, सहा गिगाबिटचे दोन पोर्ट, यूएसबी ३.०, आणि गुणक मोकळा. किंमत एच६१ च्या दुप्पट. वॉरंटी शून्य.

पुतण्या म्हणाला, "काका, झेड७७ मिळाला तर घ्या. पण डोळे उघडे ठेवून."

मी रात्रीच्या गाडीने निघालो, दादरला उतरून वेस्टर्नने ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडला. चार दुकानं फिरलो, पाचव्यात मिळाला. दुकानदार वयस्कर होते. म्हणाले, "इसको ढूँढनेवाले अभी भी आते हैं, रखनेवाले नहीं रहे."

काय बघायचं ते शिकून गेलो होतो. तुमच्याही कामी येईल म्हणून लिहितो. एलजीए ११५५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाही. मोबाईलचा टॉर्च तिरका मारायचा, एक जरी पिन वाकलेली असेल तर तिथली चमक वेगळी दिसते. कपॅसिटरची डोकी सपाट हवीत, फुगलेली नकोत. प्रोसेसरशेजारी व्हीआरएम असतं, म्हणजे पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट साधारण सव्वा व्होल्टवर आणणारा भाग. त्यावर हीटसिंक हवं, आजूबाजूला पट्टी करपलेली नको. प्रोसेसरच्या विजेसाठी चारऐवजी आठ पिनांचं कनेक्टर असेल तर उत्तम. आणि रॅमची प्रत्येक जागा समोर चालवून घ्यायची, लाजायचं नाही. मी सगळं केलं. दुकानदारांनी चहा मागवला आणि शांतपणे करू दिलं.

साडेपाच हजारांत बोर्ड. अठराशेचा नवा कूलर, कारण ११५५ ची भोकं आणि नंतरच्या बऱ्याच सॉकेटची भोकं सारखीच आहेत.

ऑक्टोबरात मशीन उभं राहिलं. पुतण्या दिवाळीला आला होता, त्याने गुणक ३३ वरून एकेक पायरी वाढवत ४२ वर नेला. ४.२ गिगाहर्ट्झ. माझा लग्नाचा एक व्हिडिओ रेंडर व्हायला ५२ मिनिटं लागायची, तो ४३ मिनिटांत झाला. जादू नाही, पण रोज चार व्हिडिओ असतील तर अर्धा तास वाचतो.

सगळं गोड नाही, तेही सांगतो. वेग वाढवला की वीज त्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढवलं की वर्गाच्या प्रमाणात वाढते. आणि ती सगळी उष्णता होऊन खोलीत येते. मे महिन्यात जळगावचा पारा ४४ वर गेला तेव्हा मशीन अडखळायला लागलं. मग मी गुणक ३९ वर आणला, व्होल्टेज कमी केलं. युरोप-अमेरिकेतल्या व्हिडिओत दिसणारा ४.५ चा आकडा आमच्या खान्देशच्या उन्हाळ्याला विचारून ठरलेला नसतो. आणि आजचा साधा आय३ माझ्या मशीनला कमी विजेत मागे टाकतो, हेही खरं. पैसे असते तर मीही नवीनच घेतलं असतं.

पण माझा मुद्दा वेगाचा नाहीच.

बारा वर्षं माझ्या टेबलावर जी वस्तू होती, तिची ताकद मी विकत घेतली होती आणि ती मला वापरता येत नव्हती. वस्तूत दम नव्हता म्हणून नव्हे. कोणत्या बोर्डावर परवानगी द्यायची, हे कारखान्यात ठरलं होतं म्हणून. स्वस्त बोर्डाचं व्हीआरएम हलकं असतं, त्याला जास्त भार झेपत नाही, हा युक्तिवाद काही अंशी बरोबर आहे. पण तो निर्णय बोर्ड बनवणाऱ्याला घेऊ द्या ना. २०१५-१६ मध्ये काही बोर्ड कंपन्यांनी ‘के’ नसलेल्या स्कायलेक प्रोसेसरसाठी ओव्हरक्लॉकिंगची वाट काढली होती, ती चालतही होती. इंटेलच्या नव्या मायक्रोकोडने ती बंद झाली. त्याआधी २०१० मध्ये तर एका पेंटियमसाठी ५० डॉलरचं कार्ड विकलं जात होतं. कोड टाकला की त्याच चिपमधली झोपवलेली क्षमता जागी व्हायची. टीका झाली, योजना पुढे गुंडाळली. एएमडीने २०१७ पासून बहुतेक रायझनचे गुणक मोकळे ठेवले, पण त्यांच्याही सर्वांत स्वस्त ए३२० चिपसेटवर ओव्हरक्लॉकिंग नाही. म्हणजे एका कंपनीला शिव्या देऊन भागत नाही.

आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. चांगली गोष्ट. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात उत्पादकावर पुनर्वापराची जबाबदारी आहे. तीही चांगली गोष्ट. पण कचरा झाल्यावर काय करायचं याचा विचार जितका झालाय, तितका तो कचरा होऊच नये याचा झालेला नाही. माझा रिपेअरवाला जुना बोर्ड दुरुस्त करू शकला नाही, कारण त्याचं सर्किट कंपनीने कधी दिलंच नाही. ही मंडळी इकडून तिकडून फिरत आलेल्या फायलींवर काम करतात. मिळाली तर मिळाली.

माझी मागणी साधी आहे. कंपनीने एखाद्या वस्तूचा सपोर्ट थांबवला, की त्या दिवशी तिची कुलुपं उघडावीत. सर्किट जाहीर करावं, बायोसमधली बंधनं काढावीत. ज्यातून तुम्हाला आता एक रुपया मिळणार नाही, त्यावर पहारा कशाला? ज्याला चालवायचंय तो चालवेल, बिघडलं तर त्याचं नशीब.

तोवर आपल्या हातात काय? घेताना विचारा. प्रोसेसर कोणता, हे सगळेच विचारतात. चिपसेट कोणता, रॅमच्या जागा किती, आणि या दोघांची जोडी जमते का, हेही विचारा. बिलावर बोर्डाचं मॉडेल लिहून घ्या. मी २०१२ मध्ये हे केलं असतं, तर ही पोस्ट लिहावी लागली नसती.

त्या गाडीवरचा हळदीकुंकवाचा कॉम्प्युटर मी तीनशे रुपयांत उतरवून घेतला. उघडून बघितला, बोर्ड चालू आहे. पुतण्याने त्यावर लिनक्स टाकून दिलंय. आमच्या गल्लीतल्या दहावीच्या पोरांना टायपिंगला तो पुरेसा आहे.

तुमच्या माळ्यावर असा कुणी पडून असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा उघडून बघा. आणि तुमच्या गावात बोर्ड दुरुस्त करणारा चांगला माणूस असेल, तर त्याच्याबद्दल खाली जरूर लिहा. अशी माणसं आता शोधावी लागतात.