दिवसा ताप, रात्री आवाज

४ एप्रिल २०२५, शुक्रवार
ग्राफिक्स कार्डाचे पंखे सकाळपासून चालू-बंद, चालू-बंद. काम काहीच नाही, नुसता डेस्कटॉप उघडा. पन्नासच्या आसपास तापमान उतरलं की पंखे थांबतात, ही शांततेसाठी केलेली सोय. पण खोलीच ३७ वर. कार्ड त्या पन्नासच्या उंबरठ्यावरच घुटमळतंय. फिरतात, थांबतात, परत गुर्र करून उठतात. त्यापेक्षा अखंड घरघर परवडली. पंखे कायमचे ३५ टक्क्यांवर लावून टाकले.

कूलर अजून माळ्यावर. खस आणायची आहे.

७ एप्रिल, सोमवार
बेसाच्या स्कीमचा वॉकथ्रू. दोन विंग, क्लब हाउस, बाग. बागेत झाडं टाकली की माझं ३०६० आडवं. १२ जीबी मेमरी पुरत नाही. अर्धी बाग लपवून रेंडर, मग उरलेली अर्धी, मग जोडकाम. सावल्या जुळत नाहीत.

हे कार्ड २०२१ मधलं. तेव्हा इथेरियम खोदणारे बाजार धुऊन नेत होते. जाहीर किंमत ३२९ डॉलर. मी मोजले ते आठवायला नको.

आता बदलायचंच.

९ एप्रिल, बुधवार
यादी.
५०९०. ३२ जीबी, ५७५ वॅट, २,१४,०००.
५०८०. १६ जीबी, ३६० वॅट, १,०७,०००.
५०७० टीआय. १६ जीबी, ३०० वॅट, ८०,०००.

हे एनव्हिडियाने जाहीर केलेले भाव. ५०९० त्या भावात कुठे मिळतंय म्हणणारा अजून भेटला नाही. एएमडीचं ९०७० एक्सटी ५९९ डॉलरचं, ३०४ वॅटचं, खेळणाऱ्यांसाठी उत्तम. पण माझं पोट ब्लेंडरवर, आणि तिथे एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सला अजून तोड नाही. कुणाची भक्ती नाही, नाइलाज आहे.

५०७० टीआयवरून ५०८० वर गेलं तर कोअर वीस टक्के जास्त, वॅट वीस टक्के जास्त, पैसे चौतीस टक्के जास्त. मेमरी तेवढीच. ५०८० वर काट मारली.

५०९० चं गणित मात्र चक्रावणारं. टीआयच्या तुलनेत कोअर जवळजवळ अडीचपट, वॅट दुपटीला थोडे कमी. म्हणजे तेवढंच काम कमी उष्णतेत. सगळ्यांत महाग कार्ड उष्णतेच्या बाबतीत सगळ्यांत काटकसरी. पैसे पावणेतीनपट, ते वेगळं.

मन ५०९० वर बसलंय.

१३ एप्रिल, रविवार
बाहेरदेशी कार्डांची परीक्षा होते ती वीस-बावीस अंशांच्या खोलीत. तिथे कार्ड ७२ वर थांबलं की वाहवा. म्हणजे खोलीपेक्षा ५० वर. माझी खोली ३८ धरली तर ८८. ९० ला ५०९० स्वतःच वेग आवरायला लागतं.

प्रत्यक्षात ८८ होणार नाही. पंखे वाढतील. ताप आवाजात बदलेल, एवढंच. पंख्याची गती दुप्पट केली की आवाज साधारण १५ डेसिबलने चढतो. म्हणजे तिकडे "शांत" ठरलेलं कार्ड एप्रिलात नागपूरच्या प्रताप नगरात शांत राहीलच असं नाही.

पुण्याच्या मित्राला विचारलं. "काही होत नाही गं, बिनधास्त घे." त्याच्या बाल्कनीत संध्याकाळी वारा असतो.

१६ एप्रिल, बुधवार
सीताबर्डी. दुकानातले भाऊ म्हणाले, "घेऊन टाका न मॅडम, कायले एवढा विचार करून राह्यल्या? एसीत ठेवाचं, बस."

एसी नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

१७ एप्रिल, गुरुवार
बाबांना यादी दाखवली. बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते, तापमानाला ते घाबरत नाहीत. आधी त्यांनी ५७५ ला १२ ने भागलं.

"अठ्ठेचाळीस अँपिअर? या एवढ्याशा केबलीतून?"

सहा पिना, म्हटलं. प्रत्येकीत आठ. पिनची मर्यादा साडेनऊ.

"अन् एक पिन सैल बसली तं? बाकीच्या पाचांवर किती आलं?"

साडेनऊच्या वर. मी बोलले नाही, पण त्यांनी बोटांवर करून घेतलं होतं. "आपला गीझर दोन हजार वॅटचा, तो नऊ अँपिअर ओढते. अन् त्याची वायर पाह्य." ४०९० आणि ५०९० चे वितळलेले कनेक्टर फोनवर दाखवले. चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले. आवडले बहुतेक.

मग जुन्या कार्डांच्या गोष्टी सांगितल्या. २००३ च्या एफएक्स ५८०० अल्ट्राचा पंखा इतका बोंबलायचा की एनव्हिडियानेच स्वतःची टिंगल करणारा व्हिडिओ काढला होता. २०१३ मध्ये एएमडीचं २९०एक्स ९५ अंशांवर चालायचं, आणि ते तसंच चालायला बनवलंय असं कंपनी सांगायची. बाबा म्हणाले, "आमचे साहेबही असंच सांगत."

२० एप्रिल, रविवार
बाहेर ४४ च्या वर. कूलर खाली काढला, नवी खस, टिल्लू पंप जुनाच. कूलर सुरू झाला आणि कार्डाचा आवाज संपला. म्हणजे ऐकूच येईना. लोक ३५ डेसिबल की ३८ यावर भांडतात, आणि इथे खिडकीत पत्र्याचा राक्षस गर्जतोय. उन्हाळाभर आवाजाचा रकाना कोरा ठेवला तरी चालेल.

कॅबिनेट खिडकीजवळून हलवलं. तिथे तुषार येतात, शिवाय धूळ ओल्या हवेबरोबर पात्यांवर चिखलासारखी बसते. आता दाराशी. कूलरची हवा खिडकीतून येते, खोलीभर फिरते, कार्डाची ऊब उचलते आणि दारातून निघून जाते. एसीच्या बंद खोलीत हीच ऊब पैसे देऊन बाहेर फेकावी लागते. खोलीत २९. कार्ड ६६. छान.

२२ एप्रिल, मंगळवार
सोनं लाखावर. आईला कार्डाची किंमत कळली. "दोन तोळ्यांचा डबा?" मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून, "सोनं वाढते तरी."

२४ एप्रिल, गुरुवार
बाबा दुपारी जेवले नाहीत. हॉलमध्ये दिवाणावर पडून होते. म्हणाले, गरम होतंय. रेंडर सकाळपासून सुरू होतं. दार उघडं होतं.

संध्याकाळी बीपी घेतलं. डॉक्टरांकडे उद्या.

२५ एप्रिल, शुक्रवार
पाणी, मीठ-साखर, दुपारी बाहेर नाही. खोली थंड हवी. बीपीची गोळी बदलली.

रेंडर रात्री लावायचं ठरवलं.

२७ एप्रिल, रविवार
रात्री कूलर मंद, कारण पहाटे बाबांचे गुडघे धरतात. कूलर मंद केला की कार्ड ऐकू येतं. पंख्याचं चालून जाईल. कॉइलची चिरचिर जात नाही, रातकिड्यासारखी, भार बदलला की सूर बदलते. भिंतीपलीकडे बाबा. दोन वाजता दिवा लागलेला दिसला.

दिवसा ताप, रात्री आवाज.

३० एप्रिल, बुधवार
अक्षय तृतीया. ऑफरचे मेसेज. काही घेतलं नाही.

३ मे, शनिवार
३०६० वरच प्रयोग. १७० वॅटचं कार्ड, मर्यादा ७० टक्के केली, म्हणजे ११९. क्लब हाउसची एक फ्रेम, आधी दहा मिनिटं, आता अकराच्या आत. पन्नास वॅट गेले आणि मिनिटही गेलं नाही.

शेवटच्या थोड्या मेगाहर्ट्‌झसाठी व्होल्टेज चढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाने खाल्ली जाते. तो शेवटचा चढ कंपन्या चढतात ते परीक्षेतल्या आलेखात एक रेघ वर दिसावी म्हणून. बिल आपलं, घाम आपला.

पंखे इतके उतरले की चिरचिर आणखीच उघडी पडली. तीही ६० टक्क्यांवर बरीच कमी झाली. ६० ला वेळ मात्र वाढला. ७० वर राहू दे.

९ मे, शुक्रवार
विजेचा हिशेब. ५०९० सकट पूर्ण मशीन ८०० वॅट धरलं, रोज आठ तास, तर महिन्याला १९२ युनिट. आमचं घर कूलर-फ्रिजसकट २५० च्या आसपास. ३०० ओलांडलं की वरच्या युनिटांना पुढचा स्लॅब. टीआय व्होल्टेज उतरवून, मशीनसकट ३५० वॅट. तेच काम करायला तास जास्त लागतील, मान्य. दुप्पट धरले तरी १६८ युनिट.

५०९० लाही मर्यादा घालता येते, पण ४०० वॅटच्या खाली ते उतरत नाही. ४०० वॅटवर चालवायला अडीच-तीन लाख. बैलगाडीला जुंपलेला हत्ती.

१२ मे, सोमवार
बाबांच्या खोलीत एसी. दीड टन, इन्व्हर्टर. कोराडीवाला माणूस एसीला नेहमी नावं ठेवायचा. "इथे गारवा अन् तिथे कोळसा." आज काही म्हणाले नाहीत. रिमोट उशीखाली.

कार्डाच्या खात्यात आता जे आहे त्यात एकच नाव बसतं.

२५ मे, रविवार
नवतपा लागला म्हणे. आभाळ भरलेलं, काल रात्री सरी. वैशाख वणवा कुठेच नाही.

गंमत अशी की मशीनला आज एप्रिलपेक्षा जास्त त्रास. बाहेर कमी गरम, पण हवा दमट. कूलर नुसता ओला वारा फेकतोय, खोली ३३ च्या खाली उतरत नाही. एप्रिलात बाहेर ४४ असताना आत २९ होते! कोरडी हवा पाणी पिते म्हणून गारवा मिळतो. आज ती प्यायलेलीच आहे. नागपुरात कार्डाचा खरा उन्हाळा जून-जुलै.

३१ मे, शनिवार
पेपरात उकाड्याची बातमी. गेल्या वर्षी याच सुमारास रामदासपेठेतल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते. देशभर गवगवा. नंतर कळलं, सेन्सर बिघडला होता. बाबा तेव्हाच म्हणाले होते, ५६ असते तर तुम्ही बातमी वाचायला उरले नसते.

नव्या ५० मालिकेत चिपवरच्या सगळ्यांत तापलेल्या जागेचा आकडा बाहेर दाखवायचंच बंद केलंय. सरासरी पाहा आणि खूश राहा. सेन्सर बिघडलेला बरा की झाकलेला?

१० जून, मंगळवार
घाम. कूलर बंद केला, खिडकी उघडली, छतपंखा. आता कार्ड स्पष्ट ऐकू येतं. आवाजाचा रकाना परत भरायला घेतला.

१४ जून, शनिवार
सीताबर्डी. ५०७० टीआय. तीन पंख्यांचं, जाड, लांबलचक. दोन मॉडेल होती. एक दिव्यांचं, वरच्या वेगाचं, नऊ हजार जास्त. दुसरं साधं, काळं. दुकानातल्या भाऊंनी दिव्यांचं पुढे सरकवलं. वेगातला फरक दोन-तीन टक्के, तो मी घरी गेल्यावर मर्यादा घालून काढूनच टाकणार. साधं घेतलं. जाड उष्माशोषक मात्र हाताने तोलून पाहिला, पैसे तिथे द्यायचे.

अठरा टक्के जीएसटी बिलात वेगळा लिहिलेला दिसला की जास्त टोचतो.

१५ जून, रविवार
बसवलं. केबलची पिन बाबांनी स्वतः दाबली, टॉर्च लावून पाहिली, परत दाबली. "हात लावून पाह्य एक तासाने." तासाने लावला. कोमट.

व्होल्टेज उतरवून २१० वॅट. खोली ३२, कार्ड ६१. पंखे हजारच्या खाली. क्लब हाउसची फ्रेम सव्वातीन मिनिटं.

पूर्ण ३०० वर एकदा चालवून पाहिलं. तीन मिनिटं. तेवढ्यासाठी नव्वद वॅट.

१६ जून, सोमवार
चिरचिर आहे. कमी आहे, पण आहे. नशिबाचा भाग, एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक असतो. परत द्यावं का?

१७ जून, मंगळवार
बाबांना विचारलं, रात्री काही ऐकू आलं का. "एसी चालू असते न." परत देत नाही.

९ जुलै, बुधवार
रात्रभर पाऊस. शाळांना सुट्टी. वीज गेली, आली, गेली. यूपीएस किंचाळून बंद, रेंडर ११२ व्या फ्रेमवर पडलं. एकेक फ्रेम वेगळी जतन होते म्हणून वाचलं, व्हिडिओ सलग काढला असता तर सगळं पाण्यात. नवा यूपीएस हवा. पुन्हा व्हीए, वॅट, किंमत. नको आज.

१२ जुलै, शनिवार
बेसाच्या साहेबांचा फोन. वॉकथ्रू आवडला. फक्त बाग जरा भकास वाटते, ताई. कडुनिंब घाला, गुलमोहर घाला, पार्किंगच्या कडेने अशोकाची रांग. सोमवारपर्यंत.

१३.४ जीबी झाली. बसतंय. रात्री लावते.