शेंगोळे थांबत नाहीत

कार्तिक लागला की धारूरला दिवेलागणीच्या सुमाराला हवा पालटते. गाव बालाघाटाच्या डोंगरात, किल्ल्याच्या तीन अंगांना खोल दरी. तिथून चढून आलेला गारवा आमच्या माळवदाच्या घरात शिरला की बाई, म्हणजे माझी आजी, उतरंडीतलं हुलग्याचं मडकं खाली उतरवायची. मग कुणी काही सांगायची गरज नसायची. आम्ही लेकरं आपणहून हात धुऊन चुलीपुढं येऊन बसायचो. आज शेंगोळे.

1980 च्या आगेमागे घरात आम्ही चौदा माणसं होतो. हुलगा घरचाच असायचा. माळावरच्या दगडगोट्याच्या रानात दुसरं काही येत नसे, तिथं हा यायचा. ना त्याला खत, ना निगा. बैलांना त्याचा भरडा, माणसांना शेंगोळे आणि माडगं. इंग्रजांनी तर या धान्याला नावच घोड्याचं दिलं. आमचा किल्ला आदिलशाहीत किश्वरखानानं बांधला. त्याच्या घोड्यांना चंदी म्हणून हाच हुलगा मिळत असणार, असा माझा आपला तर्क. बाईला ते सांगितलं असतं तर तिनं विचारलं असतं, "मग लसूण कोन घालत व्हतं त्यास्नी?"

लसूण मात्र खरंच मुठीनं लागायचा. हुलग्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण-जिरं-मिरचीचा पाट्यावर वाटलेला गोळा, हळद, मीठ, तेलाचं बोट. गोळा घट्ट मळायचा, सैल झाला की शेंगोळे उकळीत फुटतात. मग परातीभोवती सगळे बसायचे. तळहाताला तेल लावून करंगळीएवढी वळी वळायची, तिचं कडं करायचं आणि दोन टोकं चिमटीत दाबून टाकायची. बाईची कडी एकसारखी, जणू सोनारानं घडवलेली. धाकट्या काकांची जाडजूड, मधे कच्ची राहणारी. माझ्या बहिणीनं तर एकदा त्यात आपल्या नावाचं अक्षर वळलं आणि जेवताना ते दुसऱ्याच्या ताटात गेलं म्हणून रडून गोंधळ घातला.

तिकडं चुलीवर पितळी पातेल्यात फोडणीचं पाणी खळखळत असायचं. करडईचं घाण्याचं तेल, वरून शेंगदाण्याचा कूट. उकळी मोडू नये म्हणून शेंगोळे एकेक करून सोडायचे, आणि ते वर येईपर्यंत पळी आत घालायची नाही. हा नियम फार कडक. शेवटी परात धुतलेलं पिठाचं पाणीही पातेल्यातच जायचं. त्यानंच रस्सा मिळून यायचा. परातीचं पाणी मोरीत ओतणारी सून बाईच्या लेखी वाया गेलेली.

इथून पुढं घाई. शेंगोळ्याचं असं आहे की ते थांबत नाहीत. चुलीवरून उतरवल्यावरही रस्सा पीत राहतात. अर्ध्या तासात दाट, तासाभरात लगदा. म्हणून बाई दारात येऊन गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायची, "या रे समदे, लगदा व्हायलाय!" पारावर बसलेले आजोबा, गोठ्यातले काका, शेजारच्या ओट्यावर पत्ते कुटणारा थोरला भाऊ, सगळे उठून यायचे. घरात दुसऱ्या कुठल्याही गोष्टीसाठी सगळे एकदम जमलेले मला आठवत नाहीत. लग्नाच्या बैठकीलासुद्धा कुणीतरी रुसून बाहेर असायचंच. त्या पातेल्याला मात्र रुसवा माहीत नव्हता. भाकरी कुस्करायची, वर रस्सा, कच्च्या तेलाची धार, मुठीनं फोडलेला कांदा. नाक वाहायला लागलं की समजायचं, जमले.

त्याच दिवसांत कोनाड्यात सीताफळं पिकत घातलेली असायची. डोळे पडलेली फळं डोंगरातून पाटीभर यायची, त्यांना भाव कोण विचारत होतं? पुढं 2016 मध्ये आमच्या बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या लहानपणी मात्र जेवणानंतर तेच गोडधोड. बिया कोण लांब उडवतो, याची शर्यत.

शेंगोळ्यांचा एक दिवस मात्र ठरलेला होता. धाकटे काका-काकू ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की मुकादमाच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. उचल घेतलेली असायची, ती केव्हाच खर्चून गेलेली; नवरा-बायको मिळून एक कोयता. निघायच्या आदल्या रात्री बाई शेंगोळे करायची, कारण फडावर पाचटाच्या कोपीत हे सोपस्कार कोण करणार? त्या रात्री काकांनी वळलेली जाड कडी कुणी नावं न ठेवता खायचं. पहाटे बैलगाडीत पीठ-मीठ, कोंबड्या आणि त्यांचं धाकटं लेकरू चढायचं. थोरली चुलत बहीण शाळेसाठी मागं राहायची. नंतर चार-पाच महिने पातेलं लहान.

बाई बाहत्तरच्या दुष्काळाचं सांगायची. परदेशातून आलेली लाल मिलो रेशनवर मिळायची, तिची भाकरी थापताना तुटायची. म्हणून ताट चाटूनपुसून खायचा तिचा आग्रह असे. आम्हाला तेव्हा त्याचा कंटाळा यायचा.

आता माळावर हुलगा नाही. आमच्याच रानात खरिपाला सोयाबीन असतं. त्याला बाजार आहे, पैसा एकरकमी हातात येतो. हुलग्याला कोण विचारतं? मीही पेरत नाही, तर दुसऱ्याला काय बोलणार? हुलग्याचं पीठ दुकानातून पाकिटात आणतो. पाकिटावर प्रथिनं, लोह, मधुमेह असं बरंच काही छापलेलं असतं. बैलाचा भरडा अखेर पथ्यात जाऊन बसला. तेल पिशवीतलं. पाटा परसात उलटा पडलाय, त्यावर मांजर ऊन खातं.

मी आणि सूनबाई मिळून करतो. निवृत्तीनंतर माझा हात बसला. बायको म्हणते, तुमचे शेंगोळे चांगले होतात, म्हणजे तिला वळायला लागू नयेत. सहा माणसांना लहान पातेलं पुरतं, गॅसवर वीस मिनिटांत काम उरकतं. आणि खरं सांगायचं तर चवीत फार फरक नाही. चुलीच्या धुराची चव वगैरे म्हणतात, पण त्या धुरानं माझ्या आईचे डोळे अधू झाले तसे होण्यापेक्षा गॅस बरा.

फरक पडला तो हाक मारण्यात. आठ वाजता मी हाक मारतो, तर मुलगा फोनवर असतो. त्याचं काम पुण्याच्या कंपनीचं, घरी बसून. तिकडची माणसं आमच्या पातेल्याकडं बघून थोडीच बैठक थांबवणार? नातू शिकवणीहून नऊला येतो. शेंगोळे रस्सा पितात, मी आधणाचं पाणी वाढवत बसतो. मग चिडचिड होते. पूर्वी कसे सगळे एकदम बसायचे, असं मी मागच्या कार्तिकात सूनबाईला ऐकवलं.

आई कोपऱ्यात बसली होती. दिसत कमी असलं तरी कान शाबूत. ती म्हणाली, "सगळे कोन बसायचे रे? तुमी बसायचे. बाई अन् मी वाढायचो. आमच्या वाट्याला लगदाच यायचा."

मी चाळीस-पंचेचाळीस वर्षांमागची ती पंगत पुन्हा डोळ्यांपुढं आणून पाहिली. आजोबा, काका, भाऊ, आम्ही लेकरं, पातेल्यातून निघणारी वाफ. बाईला कधी गरम शेंगोळे खाताना पाहिलंय का? ती चुलीशी पाठमोरी. काकूसुद्धा, त्या निघायच्या आदल्या रात्री, वाढतच होती.

त्या दिवशी पहिलं ताट आईला वाढलं. तिनं फुंकर घालून घास घेतला, कडं बोटांनी चाचपलं आणि म्हणाली, "टोकं नीट दाबली नाहीस."

रात्री नातू खिचडी मागून झोपला. शेंगोळे उरले, घट्ट झाले. सकाळी सूनबाईनं तव्यावर तेल टाकून ते परतले, कडा कुरकुरीत होईपर्यंत. नातू शाळेच्या गडबडीत ओट्याशी उभ्या उभ्या बशीभर खाऊन गेला आणि दारातून विचारलं, "आजोबा, रोज रात्री जास्तीचे करता का?" मी एक उचलून तोंडात टाकला. परतलेले शिळे शेंगोळे मी आयुष्यात पहिल्यांदा खात होतो. आमच्या घरी ते कधी उरलेच नव्हते.