हरिश्चंद्रगडाची वाट

हरिश्चंद्रगडावर एकदां तरी जाऊन यावें अशी इच्छा बाळगणारे पुष्कळ गृहस्थ मला भेटतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘गड उंच किती?’ हाच असतो. उंची सुमारें १४२४ मीटर, जुन्या हिशेबानें ४६७० फूट. परंतु या आंकड्यावरून चढणारास काडीइतकाहि बोध होत नाहीं. कारण माथा एकच असला तरी पायथे अनेक आहेत. कोणत्या वाटेनें, कोणत्या महिन्यांत आणि कोणास बरोबर घेऊन, हा खरा प्रश्न. तो मीं वयाच्या बाविसाव्या वर्षीं विचारला असता, तर माझ्या एका मित्राचा डावा पाय आज सरळ असता.

गड अकोले तालुक्यांत, पूर्वीच्या अहमदनगर व आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. पण पुणें आणि ठाणें हे जिल्हेहि त्याच्या पायाशीं येऊन मिळतात. ठाणें जिल्ह्याच्या बाजूस बेलपाडें. तेथून नळीची वाट वर येते. वाट हें नांव तिला उगीच दिलें आहे. ती कड्यामधली एक दगडधोंड्यांनीं भरलेली घळ आहे. बेलपाडें खालीं कोंकणांत असल्यानें चढ बराच अधिक, त्यांत सुटे दगड आणि हातापायांनीं चढावे लागणारे टप्पे. सबंध दिवस त्यांतच जातो. अनुभवी वाटाड्या आणि दोर यांवांचून तिचा विचारहि करूं नये. पावसाळ्यांत तर ती पाण्याचीच वाट असते, माणसांची नव्हे.

पुण्याच्या बाजूनें खिरेश्वर. माळशेज घाटाजवळच्या खुबी फाट्यावर उतरून पिंपळगांव जोगें धरणाच्या बांधावरून तेथें जातां येतें. गांवाजवळचें नागेश्वराचें प्राचीन देऊळ न पाहतां कोणीं पुढें जाऊं नये. मग तोलार खिंड, खिंडींतलें तें वाघाचें शिल्प, त्यावरचा कातळाचा टप्पा, आणि नंतर टेकड्यांमागून टेकड्या ओलांडीत देवळापर्यंतची लांबलचक चाल. कातळावर आतां लोखंडी कठडे आहेत. पण या वाटेची खरी परीक्षा कातळावर होत नाहीं. ती त्यानंतरच्या सपाटीवर होते. तेथें उन्हांत कोणी चुकत नाहीं आणि धुक्यांत चुकल्यावांचून राहत नाहीं.

आम्ही दोघे १९८२ सालच्या श्रावणांत या वाटेनें निघालों. दोघांनाहि नुकतीच शाळेंत नोकरी लागली होती. खिरेश्वरास एका म्हाताऱ्या बाबानें सांगितलें, “गुरुजी, वाटाड्या घ्या, न्हाईतर पाऊस उघडल्यावर या.” मित्र थांबण्यास तयार होता. मी मात्र हंसलों. मेघाला रामगिरीपासून अलकेपर्यंतची वाट सांगणारें मेघदूत ज्यास तोंडपाठ, त्यास खिरेश्वरापासून देवळापर्यंतची वाट कोणीं सांगावी, असें मला वाटलें! कालिदासाचा मेघ वरून चालला होता आणि आम्हांला मेघाच्या पोटांतून चालावयाचें होतें, हा भेद माझ्या ध्यानांत आला नाहीं.

सपाटीवर आलों तों हाताचें बोट दिसेना. कारवी डोक्याइतकी वाढलेली. कोठेंतरी गुरांच्या घंटा ऐकूं आल्या, म्हणून मी आवाजाच्या रोखानें वळलों, आणि माझ्या मागोमाग येणारा मित्र शेवाळलेल्या कातळावरून दीड पुरुष खालीं गेला. नळीचें हाड मोडलें. ती रात्र आम्हीं एका छत्रीखालीं काढली. सकाळीं गुराखी आले आणि चौघांनीं घोंगडीची डोली करून त्यास खालीं नेलें. हाड वांकडें जुळलें तें जुळलेंच. त्यानें मला आजवर एका शब्दानें दोष दिलेला नाहीं, आणि मला जड जातें तें हेंच.

गेल्या कार्तिकांत त्याचा फोन आला. “अरे, गड पुरा व्हायचा राहिला आहे. मला घेऊन चल.”

मग पुन्हा वाटेचा प्रश्न आला. माझा एकोणीस वर्षांचा नातू नळीच्या वाटेवर बसला होता. पाचनईचें नांव काढतांच तो म्हणाला, “आजोबा, त्या वाटेनें तर सगळेच जातात!”

“सगळे जातात आणि सगळे परत येतात,” मीं सांगितलें.

पाचनई हें गांव राजूरच्या बाजूनें येतें आणि तें मुळांतच उंचावर असल्यामुळें चढ थोडा. वाट कांहीं अंतर पुढें झुकलेल्या कड्याच्या पोटाखालून जाते. ओढा लागतो, सांवली लागते, बसावयास जागा लागते. धडधाकट माणूस दोन-अडीच तासांत वर पोंचतो. आम्ही मार्गशीर्षांत, आकाश निरभ्र पाहून, सकाळीं सातला निघालों आणि साडेअकरांस देवळापाशीं आलों. बरोबर गांवचा एक तरुण वाटाड्या घेतला होता. एवढ्या राजमार्गास वाटाड्या कशाला, हें नातवानें बोलून दाखविलें नाहीं, पण चेहऱ्यावर होतें.

गडाच्या तीन शिखरांस हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास अशीं राजकुटुंबाचीं नांवें आहेत. ऐतरेय ब्राह्मणांतल्या कथेंत हा राजपुत्र रोहित वर्षानुवर्षें अरण्यांत हिंडतो आणि घरीं परतूं लागला कीं इंद्र त्यास ‘चालत राहा’ असें सांगून परत फिरवितो. मित्रास ही कथा सांगितली, तेव्हां तो म्हणाला, “इंद्राचे गुडघे दुखत नसतील.”

केदारेश्वराच्या गुहेंत कमरेइतकें हिमशीतल पाणी आणि मधोमध भव्य शिवलिंग. भोंवतालच्या चार खांबांपैकीं एकच उभा आहे. हे खांब म्हणजे चार युगें, अशी लोकांची समजूत. मित्र नातवाचा हात धरून पाण्यांत उतरला, त्या खांबाकडे बराच वेळ पाहत राहिला, आणि म्हणाला, “तीन मोडले तरी छत उभें आहे. माझा तर दोहोंतला एकच मोडला.” मला हंसूं आलें नाहीं. तो मात्र मनमुराद हंसला.

सायंकाळीं कोंकणकड्यावर गेलों. कडा आंतल्या बाजूस कोरल्यासारखा वांकलेला. पालथें पडून खालीं पाहावें लागतें. खालच्या धुक्यांत स्वतःच्या सांवलीभोंवतीं दिसणाऱ्या पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्यास येथें इंद्रवज्र म्हणतात; कर्नल साइक्स या इंग्रजानें त्याचें वर्णन १८३५ साली प्रसिद्ध केलें. आमच्या वेळीं धुकें नव्हतें, म्हणून तेंहि नव्हतें. मला त्याचें दुःख वाटलें नाहीं.

रात्रीं एका झोपडीवजा खानावळींत पिठलें-भाकर खाऊन मुक्काम केला. सकाळीं मित्र म्हणाला, “आतां ती वाट दाखव.” वाटाड्यास घेऊन तोलार खिंडीच्या दिशेनें थोडें पुढें गेलों. उन्हांत ती पायवाट टेकडीवरून टेकडीवर गेलेली स्वच्छ दिसत होती.

“एवढी सरळ होय!” असें म्हणून तो काठीवर रेलून पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “इकडूनच उतरूं या का रे?”

माझ्या तोंडीं ‘चल’ आलेंच होतें. त्याची एवढी एक इच्छा मीं मोडावी कशी? पण या खेपेस मीं वाटाड्याकडे पाहिलें. त्यानें मित्राच्या पायाकडे पाहिलें आणि म्हणाला, “बाबा, वाट हाय सोपी. पर खिंडीवरचा कातळ उतरताना ह्यो पाय टिकायचा न्हाई.”

मित्रानें आणखी क्षणभर त्या वाटेकडे पाहिलें आणि काठी फिरविली. नातू त्याची पिशवी खांद्यास लावून आधींच पाचनईच्या बाजूस चालूं लागला होता.