वहिनी, अंडी मिळणार नाहीत

प्रिय वहिनी,

नाही पाठवणार. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तू निदान रागाने तरी वाचशील.

शेजारचा मुलगा शनिवारी बोस्टनला निघालाय, हे खरं. त्याच्या बॅगेत औषधाची डबी सहज मावेल, हेही खरं. पण त्या डबीत कापसावर मून मॉथची पंधरा-वीस अंडी ठेव आणि त्याला काही सांगूच नकोस, असं तू मला सुचवावंस? तू? विमानतळावर त्या पोराला अडवलं तर त्याच्या आईला तोंड कोण दाखवणार? तू तर सातासमुद्रापार. मला इथे पाटणात राहायचंय.

फोटो बघून तुझ्या जिवाची घालमेल झाली, ते कळलं मला. घरामागच्या शिमटीवर मादी बसलेली, फिकट पोपटी, दोन्ही शेपट्या खाली सोडलेल्या. आज-उद्या अंड्यांतून बारीक लालसर अळ्या बाहेर पडतील. दादा गेल्यापासून या घरात कुणी पतंग वाढवले नव्हते. मी या पावसाळ्यात पुन्हा सुरू केलंय, ते तुला मुद्दामच कळवलं नव्हतं. आता कळलंय, तर ऐक.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी नववीत होते. विहिरीजवळच्या तगरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी दिसली, मानेवर दोन निळे डोळे वटारलेले, मागे शिंग. मी किंचाळले आणि चप्पल काढली. तू हात धरलास माझा. “काहून मारतेस वं तिला?” घरात कुणाला तुझं ते ‘काहून’ धड कळायचं नाही, आई तर आठवडाभर हसत होती. तू ती अळी फांदीसकट आत आणलीस. फांदी शाईच्या दौतीत खोचलीस आणि दौतीच्या तोंडाशी कापूस कोंबलास. कापूस कशाला, असं मी विचारलं, तर म्हणालीस, “पाणी प्यायला खाली उतरेल आन् बुडून मरेल, येडी हाय ते.” त्या येडीने रोज तगरीची पानं फस्त केली. रोज सकाळी खालच्या कागदावरच्या लेंड्या झाडायचं काम माझ्याकडे होतं. मग एके दिवशी तिचा हिरवा रंग उतरून ती तपकिरी झाली आणि घरभर सैरावैरा फिरायला लागली. आई म्हणाली, मरते बहुतेक. तू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वाळका पाला भरलास आणि तिला आत सोडून झाकण नुसतं टेकवून ठेवलंस. उरलेल्या गोष्टी फोनवर नको काढूस, माझा आवाज जातो. डब्यातून निघालेल्या पतंगाच्या शेवाळी हिरव्या पंखांवर ती गुलाबी झाक कुठून आली असेल, हे अजून मला कळलेलं नाही.

हे सगळं तुला कुणी शिकवलं, तेही आम्हाला कुठे ठाऊक होतं? पुढे कधीतरी कळलं की आरमोरीला तुम्ही पोरं ढिवरांच्या पोरांबरोबर ऐनाच्या रानात कोशाच्या राखणीला बसायचात. झाडांवर अळ्या सोडलेल्या असायच्या आणि तुम्ही गलोल घेऊन पाखरं हाकत दिवस काढायचात. दोऱ्यासारख्या देठाने फांदीला लटकणारे ते कोसे तोडून आणले की आतला जीव मारावा लागतो. पतंग बाहेर पडला तर धागा तुटतो, कोशाला भाव येत नाही. त्याच पैशावर कितीतरी घरं चालतात, म्हणून तू कधी त्याबद्दल वाईट बोलली नाहीस. पण एखादा कोसा परकराच्या ओच्यात लपवून घरी आणायचीस, हे तूच सांगितलंस ना? लग्नात तू आंधळगावचा कोशाचा शालू नेसली होतीस. पुढे तो किती वेळा नेसलीस, ते मला माहीत आहे. दादाने विचारलं नाही, मीही नाही.

कीटक-प्रेमाच्या गोष्टी सांगणारे लोक एक बाजू लपवतात. तू लपवायची नाहीस. आठवतंय, पुढे तगरीवरच्याच दुसऱ्या एका अळीच्या पाठीवर एका रात्रीत तांदळाच्या कण्यांसारखं पांढरं काहीतरी उगवलं होतं? मला वाटलं, अंडी घातली. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, हे तिचं नाही. गांधीलमाशीच्या जातीतली इवलीशी माशी, तिची पिल्लं आतून अळीला खाऊन बाहेर आलेली, आणि त्यांनी तिथेच कोश विणलेले. अळी जिवंत होती पण पान खात नव्हती. मी म्हटलं, त्या कण्या चिमट्याने काढून जाळू. तू जाळू दिल्या नाहीस. डबी उघडी ठेवून अंगणात नेऊन ठेवलीस. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही, तुला पत्ताही नव्हता बहुतेक.

ही माशी मी उगाच काढली नाही, तिच्याकडे परत येते.

तुझ्या मुलाच्या घराजवळ मेडफर्ड म्हणून गाव आहे, मी नकाशात बघितलं. गाडीने कितीसं लांब असेल? तिथे एतिएन त्रूव्हलो नावाचा एक फ्रेंच माणूस राहायचा. चित्रकार होता, आणि तुझ्यासारखंच त्याला पतंगांचं वेड. रेशीम काढायचं त्याच्या मनात होतं. घरामागच्या रानातली झाडं जाळ्या लावून झाकली आणि तिथल्याच एका रानटी पतंगाच्या अळ्या वाढवल्या. पाच एकर रान आणि दहा लाख अळ्या, असं त्याने स्वतः 1867 साली लिहिलंय. इथवर काही बिघडलं नव्हतं. पण पुढच्या एक-दोन वर्षांत त्याने युरोपातून दुसऱ्या एका पतंगाची अंडी आणली. तिकडून येताना तीही कुठल्याशा डबीतच आली असतील ना? त्यातल्या काही अळ्या सुटल्या. त्याने ही गोष्ट लपवली नाही, जाणकारांना सांगितली, पण कुणी मनावर घेतलं नाही. वीस वर्षांनी, 1889 च्या उन्हाळ्यात, मेडफर्डच्या झाडांवर पान राहिलं नाही. अळ्या घरांच्या भिंतींवर, अंथरुणात, रस्त्यावर. तोवर तो केव्हाच पतंग सोडून आकाशातल्या ग्रहांची चित्रं काढण्यात रमला होता आणि फ्रान्सला परतलाही होता. तो पतंग मात्र अजून तिथे आहे, ओकची रानंच्या रानं खातो.

मून मॉथ असलं काही करणार नाही, असं तू म्हणशील. कशावरून? फोनवर तूच मला पटवत होतीस की तिकडे अक्रोड आहेत आणि आपल्या अळ्या अक्रोड खातात. अगं, तेच तर भ्यायचं कारण.

आता ती माशी. युरोपातल्या त्या पतंगाचा बंदोबस्त करायला सरकारने 1906 साली युरोपातूनच एक माशी आणून सोडली. तुझ्या तगरीवरच्या माशीची लांबची बहीणही नव्हे, वेगळंच कुळ, पण धंदा तोच. तिला नेमून दिलेला पतंग वर्षातून एकदाच अळीत असतो. माशीच्या तर वर्षात तीन-चार पिढ्या होतात. मग बाकीच्या पिढ्यांनी काय खावं? त्यांनी तिथल्या देशी पतंगांच्या अळ्या धरल्या, शंभराहून अधिक जातींच्या. 2000 साली छापलेल्या एका अभ्यासात मॅसॅच्युसेट्समधल्याच संशोधकांनी मोठाल्या रेशमी पतंगांच्या अळ्या झाडांवर सोडून पाहिल्या होत्या, तर बहुतेकींच्या अंगात ही माशी निघाली. एकाने हौसेने आणलं, दुसऱ्यांनी शहाणपणाने आणलं, आणि भोगतंय कोण?

म्हणून म्हणते, तुझ्या हातांना तिथे काम आहे. इथून काही न्यायची गरज नाही.

त्रूव्हलोने ज्याच्या दहा लाख अळ्या वाढवल्या तो पतंग कोण, माहीत आहे? पॉलिफिमस. आपला कोसा आणि तो एकाच वंशातले, अँथेरिया. सख्खी बहीण म्हण. मी चित्रं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. तसाच पिवळसर-तपकिरी रंग, पंखांवर तसेच काचेसारखे गोल डोळे, अळीही तशीच पोपटी आणि गुबगुबीत. मेपल, ओक, बर्च, सगळं खाते. तू म्हणालीस ना, खिडकीतून मेपल दिसतो, बाकी इथे बघायला काही नाही? ऑगस्ट सरत आलाय. त्या मेपलखाली जा आणि वर बघू नकोस, आधी जमिनीवर बघ. जाड जाड लेंड्या दिसल्या की मग मान वर कर. हे मला शिकवणारी तूच आहेस.

आणि शेपट्याच हव्या असतील तर तुमच्याकडे लूना आहे, आपल्या मून मॉथचीच चुलत बहीण. या शेपट्या देवाने कशाला दिल्या असतील, असं तू दरवर्षी विचारायचीस. दादा म्हणायचा, नटायला. 2015 साली अमेरिकेतल्याच लोकांनी लूनाला वटवाघळांपुढे सोडून ते शोधून काढलं. उडताना शेपट्यांची टोकं गरगर फिरतात, वटवाघळाचा कानोसा चुकतो, ते अंगाऐवजी शेपटीवर झडप घालतं. शेपटी तुटली तरी पतंग उडतो. दादाला सांगायला हवं होतं.

अळी मिळाली तर जाळीत वाढव. त्या माशीपासून एवढी चार पोरं वाचली तरी पुष्कळ. प्लॅस्टिकच्या बरणीत ठेवू नकोस, आतून घाम सुटतो आणि अळ्या सडतात. कोश झाला की मात्र जीव घट्ट कर. तिकडे घरात हिवाळाभर ऊब असते. कोश आत ठेवलास तर त्याला वसंत आल्यासारखं वाटेल आणि ऐन जानेवारीत, बाहेर बर्फ असताना, पतंग निघेल. त्याला तोंड नसतं, खाणं नसतं. आठवड्याभराचं आयुष्य, आणि जोडीला बाहेर कुणी नाही. म्हणून कोश बाहेर पडवीतच राहू दे, जाळीच्या पिंजऱ्यात, खारी आणि उंदरांपासून जपून. थंडी सोसायलाच तो झोपलेला असतो. पिंजऱ्याला खडबडीत काठी लावून ठेव. बाहेर आल्यावर चढून लटकायला जागा मिळाली नाही तर पंख चुरगळलेलेच वाळतात, तुला सांगायला नको.

मे-जूनमध्ये मादी निघाली तर लगेच सोडू नकोस. रात्रभर बाहेर टांगून ठेव. आपण डालग्याखाली ठेवली होती, आठवतं? पहाटे डालग्याला बाहेरून नर चिकटलेले, पिसासारख्या मिशा पसरून, कुठून कुठून आलेले. दादा चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, आमच्या बहिणीला एवढी स्थळं कधी आली नाहीत. तू हसलीस. त्या हसण्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही, ते एक राहिलंच आहे.

मादीने अंडी घातली की डझनभर ठेव, बाकीची मेपलवर सोड. दीडशे पोटं घरात भरायची म्हणजे सूनबाई तुला घराबाहेर काढेल. तिला आधी विचार, आणि नातीला लेंड्या झाडायच्या कामाला लाव.

शेजारच्या मुलाबरोबर मेतकूट, कुळथाचं पीठ आणि तुझा जुना चष्मा पाठवतेय. पिठाच्या पिशवीत काही शोधत बसू नकोस.

तुझी,
बेबी