चढू द्या पोरांना झाडावर

आमच्या सावनेर भागात संत्र्याच्या बागा आणि पऱ्हाटीची वावरं. संत्र्याचं झाड काही चढायचं नव्हे. आमचं चढणं झालं ते धुऱ्यावरच्या चिंचेवर आणि कडुलिंबावर. डाबडुबली हा त्यावरचा खेळ. एकानं पायाखालून काठी दूर फेकायची, राज्य असेल त्यानं ती आणून रिंगणात ठेवायची, तोवर बाकीच्यांनी झाड गाठायचं. दुसरीकडे याच खेळाला सूरपारंब्या म्हणतात.

आता धुऱ्यावरची झाडं कमी झाली आणि पोरं मोबाइल घेऊन ओसरीवर बसतात. माझी नऊ वर्षांची नात मात्र घरामागच्या कडुलिंबावर सरसर चढते. सूनबाई म्हणते, "पोरीच्या जातीला हे शोभतं का? हात मोडला तर?" काळजी खरी आहे. पण हाडांची बळकटी ही लहानपणी आणि तरुणपणी साठवायची पुंजी. म्हातारपणी हाडांची झीज बायकांनाच जास्त सोसावी लागते. मग पोरीलाच खाली का उतरवायचं?

चढताना सारं अंग हातावर तोलावं लागतं. मूठ, मनगट, खांदा, पाठ कामाला लागतात. पाय फांदी चाचपतो, डोळा अंतर मोजतो, तोल आपोआप साधतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं अंगमेहनतीचं खेळावं आणि आठवड्यातून निदान ३ दिवस स्नायू व हाडं बळकट करणारे खेळ खेळावेत. आपल्याकडे हे जुनंच आहे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांब नावारूपाला आणला. अमरावतीला १९१४ साली निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं तो १९३६ साली बर्लिनला दाखवला. एरंडेल लावलेला तो लाकडी खांब, आपल्या दारी सालीचं झाड. अंगाला लागणारी मेहनत एकाच जातीची.

मायबहिणींनो, थोडं पथ्य मात्र पाळावं. शेवगा आणि जांभळीची फांदी कडकन मोडते, तिथं चढू देऊ नये. पावसात साल निसरडी होते. विहिरीवर झुकलेलं किंवा विजेच्या तारेजवळचं झाड वर्ज्यच. दोन पाय आणि एक हात पक्के असल्याशिवाय दुसरा हात सोडू नये. आणि पोराला उचलून फांदीवर बसवू नये; जे आपल्या बळानं चढतं, त्याला उतरणंही बहुधा साधतं.

यंदाच्या पावसाळ्यात धुऱ्यावर एखादी चिंच लावा. तिला वाढायला वर्षं लागतील, पण नातवंडांच्या कामी येईल.