गाडीतला पाऊण तास

इंदूरच्या जुन्या आठवणी सांगणारे पुष्कळ आहेत. माझी आठवण फार जुनी नाही, आणि लिहू की नको करत दोन महिने गेले.

२०२३च्या फेब्रुवारीत ही गेली. सेहेचाळीस वर्षांचा संसार. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, मग मुलगा-सून आपापल्या नोकरीला लागले. सकाळी पोहे खायचो, पेपर वाचायचो; लोकांना वाटलं, काका सावरले. रात्री तीनला मात्र जाग यायची आणि डोक्यात टॅली सुरू व्हायची. बावीस रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बँकेत बसलेला माणूस मी. हिच्या दुखण्यात आपण कुठे चुकलो, ही एकच एंट्री पुन्हा पुन्हा तपासत राहायचो. पुढे पुढे ‘आता जगून तरी काय करायचं’ असं मनात यायला लागलं.

डॉक्टरकडे गेलो होतो. बाहेर बाकावर बँकेचा जुना ग्राहक भेटला. “अरे साहब, आप यहाँ?” भाच्याला घेऊन आलोय, असं सांगितलं आणि नंबर यायच्या आत घरी परतलो.

पुण्याच्या लेकीला फोनवर आवाजावरूनच कळलं. “बाबा, खरं सांगा, झोप लागते का?” तिने एक नंबर लिहून घ्यायला लावला, १४४१६. टेलि-मानस. १० ऑक्टोबर २०२२ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झालेली सरकारी सेवा. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत, भाषा निवडता येते. आम्ही ट्रंक कॉलच्या काळातले. फोनवर लग्न नि मरण तेवढं ओरडून सांगायचं, तेही तीन मिनिटांत. फोनवर रडायचं कसं, हे काही कुणी शिकवलेलं नव्हतं.

एका रात्री लावला. सवयीने हिंदी निवडली, उभा जन्म हिंदीतच कर्जं मंजूर केली. पण ‘ही गेली’ याचं हिंदी करायला गेलो तर ‘पत्नी का देहांत हो गया’ असं फॉर्म भरल्यासारखं निघालं. पलीकडच्या मुलाने तरी शांतपणे ऐकून घेतलं, घाई केली नाही. नियमितपणे कुणाशी तरी बोलत जा, असं त्यानेच सुचवलं. मग लेकीने पुण्यातल्या एक मराठी समुपदेशक मॅडम शोधून दिल्या. दर गुरुवारी अकरा वाजता, व्हिडिओवर.

आता बसायचं कुठे? आपल्या घरांतून दारं असतात, ती लावून बसलं की सगळे विचारतात बरं आहे ना. मी खाली गाडीत जाऊन बसायला लागलो. काचा वर, फोन स्टिअरिंगला टेकवलेला.

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, “काका, आत्ता नक्की कुठे आहात? पत्ता सांगा. आणि जवळच राहणाऱ्या एखाद्याचा नंबर द्या.” मी चिडलो. केवायसी आजवर आम्ही दुसऱ्यांचं केलं! दोन इमारती सोडून राहणाऱ्या जुन्या सहकाऱ्याचा नंबर दिला, मुलाचा नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी सरळच विचारलं, “मरावंसं वाटतं का?” हो म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं. तेव्हा पत्त्याचं कारण समजलं. समोर बसलेल्या माणसाचा हात धरता येतो. पुण्याहून तसं जमत नाही, दार ठोठावायला कुणीतरी इंदुरातलाच लागतो. माझ्या परवानगीने त्यांनी त्या मित्राला कळवलं. दुसऱ्या दिवसापासून तो सकाळी फिरायला चल म्हणून दारात हजर, काही न विचारता. समुपदेशकांना औषध लिहिता येत नाही, म्हणून गोळ्यांसाठी मला इथल्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या दवाखान्यात या वेळी नंबर येईपर्यंत बसलो.

सगळं छान होतं असं नाही. हिच्या शेवटच्या रात्रीबद्दल सांगता सांगता मी गप्प झालो, तर पलीकडून “काका, आवाज येतोय का? हॅलो?” पुन्हा त्या जागी यायला मला दोन गुरुवार लागले. समोरासमोर असतं तर गप्प बसणंही त्यांना दिसलं असतं. इथे नेटवर्क गेलं की माणूस गेला, कळणार कसं? शेवटी तोड काढली. बोलवेना तर मी फोनच्या कडेवर बोटाने टकटक करायची. टकटक आली की मॅडम नुसत्या थांबायच्या. एकदा बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसलो होतो. त्या दिवसानंतर रात्री तीनची जाग हळूहळू कमी झाली, का ते सांगता येत नाही. गोळ्यांचाही हातभार असेल.

घरी सांगा, असं मॅडम म्हणतच होत्या. मी दर वेळी ते सस्पेन्स अकाउंटला टाकायचो. मे महिन्यातल्या एका गुरुवारी गाडीचं दार उघडलं, तर सीटवर पाण्याची गार बाटली, नॅपकिन आणि पाठीला टेकायला हिची जुनी उशी ठेवलेली. वर पाहिलं. बाल्कनीत सून कपडे वाळत घालत होती.

“बाबा, काच थोडी खाली ठेवत जा,” ती म्हणाली, “मी इकडे कुणाला फिरकू देत नाही.”