पाठीवरचे ओझे

शिकाऱ्याची पिशवी मोठी असे, कारण परतताना तिच्यात मांस असे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते ओझे उतरवले. मग बुद्धपौर्णिमेला ज्ञानगंगा अभयारण्यातील मचाणावर एक रात्र बसण्यासाठी सत्तर लिटरची सॅक कशाला? बुलढाण्याच्या दुकानदाराचा आग्रह मोडून मी लहानच घेतली. पाणी, भाकरी, वही मावेल एवढी. २०१९मध्ये टिपेश्वरचा एक वाघ तेराशेहून अधिक किलोमीटर चालून याच ज्ञानगंगेत पोहोचला; गळ्यात रेडिओ कॉलर, पाठीवर काहीच नाही. जंगलातून काही आणायचेच नसेल, तर जायचे कशासाठी? शिकारकथा बहुधा मिळकतीशी संपते. रित्या हाताने परतण्याची कथा मला लिहून पाहायची आहे.